दुकानातला टीव्ही आणि घरातला टीव्ही

दुकानात ओळीने लावलेल्या टीव्हींमध्ये नजर सर्वांत भडक पडद्याकडेच जाते. तिथे बरेच संच ‘व्हिविड’ मोडवर असतात: प्रकाश कमाल, पांढऱ्यात निळसर झाक. चित्रपटांचे रंग मात्र सुमारे ६५०० केल्विनच्या पांढऱ्यावर बेतलेले असतात. म्हणून विक्रेत्याला सगळे संच ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर लावायला सांगा.

डेमोतली फुलं कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतात. तुम्ही पेनड्राइव्हवर अंधारं दृश्य आणि क्रिकेटची क्लिप न्या. वेगवान चेंडूमागे शेपूट उमटते का? काळा राखाडी दिसतो का? मला हीच परीक्षा सर्वांत महत्त्वाची वाटते, पण लख्ख दिव्यांखाली ती अर्धीच होते. जमल्यास जवळचे दिवे मालवायला सांगा. बाजूला सरकूनही पाहा, कारण ‘व्हीए’ प्रकारच्या एलसीडी पॅनेलचा कॉन्ट्रास्ट तिरक्या कोनातून घटतो.