सरपणातील अक्षरओळख

पौष महिन्यातील दिल्लीची पहाट आपण अनुभवली असेल, तर धुक्यात मिसळलेला लाकडाच्या धुराचा वास आपणांस ठाऊक असेलच. डोंगरमाथ्याच्या रानातून, रस्त्याकडेच्या छाटणीतून, मोडक्या खोक्यांतून वेचलेले हे सरपण असते. वरवर पाहता ती नुसती लाकडे. परंतु जाणत्याला त्यांतील प्रत्येकाचे नाव वाचता येते.

हे वाचन आपणही शिकू शकाल. धारदार चाकूने काटकीचे टोक आडवे व स्वच्छ कापावे, किंचित ओले करावे आणि साध्या भिंगातून पाहावे. प्रथम बारीक छिद्रे दिसतात का, ते पाहावे. झाडाचे पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांची ती तोंडे होत. छिद्रे मुळीच नाहीत, फिकट व गडद वलये मात्र स्पष्ट आहेत आणि राळेचा वास येतो, तर ते खोक्याचे चीड असण्याचा संभव अधिक. वलयाच्या आरंभी मोठी छिद्रे ओळीने असून गाभा पिवळसर असेल, तर तुती. सोनेरी तपकिरी गाभ्यात काळसर रेघा असतील, तर शिसू. जड, तांबूस आणि छिद्रांभोवती फिकट कडी असलेले लाकूड बहुधा बाभळीच्या गोतातले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या अमदानीत दिल्लीच्या डोंगररांगेवर लावलेली वेडी बाभूळ याच ठेवणीची. तिच्याखाली देशी झाडे मागे हटली, हे खरे. पण अनेक गरीब घरांची चूल तिनेच पेटती ठेवली.

ही विद्या केवळ कुतूहलाची नव्हे. 1946 साली हडप्पा येथे एका थडग्यात शवपेटिकेचे अवशेष सापडले. के. ए. चौधरी व एस. एस. घोष यांनी त्या जीर्ण लाकडाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, आणि त्यात शिसवाबरोबर देवदारही असल्याचे निष्पन्न झाले. देवदार हिमालयातला; तेव्हा ते लाकूड डोंगरातून मैदानात आणलेले होते, हे चार हजार वर्षांनंतर त्या रेषांनीच सांगितले!

आपल्या घरी मात्र या ओळखीचे मोल याहून निकडीचे आहे. दिल्लीच्या रस्त्यांच्या मध्यभागी शोभेसाठी कण्हेर लावलेली असते. तिची छाटणी सहज हाती येते. पण तिचे सर्वांग विषारी असून धूरही घातक आहे. एका पेरावर बहुधा तीन लांबट पाने, ही तिची खूण. पाने झडलेली, ओळख न पटणारी बारीक फांदी चुलीत घालूच नये. रंग दिलेल्या फळ्या व प्लायवुड हेही तसेच वर्ज्य. त्यांच्या धुरातील द्रव्ये चुलीपुढे बसणाऱ्या माउलीच्या व तिच्या कुशीतील बाळाच्या छातीत उतरतात.

ओळखीचे लाकूडही निर्धोक धूर देत नाही, हे ध्यानी असावे. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता पाणी आटविण्यातच खर्ची पडते आणि धूर वाढतो. म्हणून सरपण चिरून, वाळवून, मोकळ्या हवेतच वापरावे. आणि गॅस परवडेल तेथे चुलीला विश्रांती द्यावी.

लाकूड ओळखता आले की काय जाळावे, याआधी काय जाळू नये, हे कळते. घरातील मुलांना ही अक्षरे आजच दाखवा.