माशाचा संसार आणि घरांतील मोठी टाकी

कोणतीहि मोठी वस्तु घरांत आणण्यापूर्वीं तिचें ओझें कोण वाहणार आणि किती वर्षें वाहणार, हा प्रश्न आधीं विचारावा, असें आम्ही शाळेंत मुलांस नेहमीं सांगत असूं. परंतु तीन वर्षांपूर्वीं आमच्या नातवानें दोन-दोन इंचांचे दोन मासे प्लॅस्टिकच्या पिशवींतून आमच्या पुण्यांतील जुन्या घरीं आणले, तेव्हां हा प्रश्न विचारण्याचें भान खुद्द आम्हांसच राहिलें नाहीं. बाजारांत 'ऑस्कर' या नांवानें मिळणारा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. दोन फुटी कांचेच्या टाकींत ते फिरूं लागले आणि घरांतील लहानथोर मंडळी कौतुकानें भोंवतीं जमूं लागली. वर्ष सरलें नाहीं तोंच मासे वीतभर झाले व त्यांस टाकींत सुखानें वळणेंहि कठीण होऊन बसलें.

शतपथब्राह्मणांतील मनूची कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. प्रातःकाळीं हात धुण्याच्या पाण्यांतून मनूच्या हातीं एक लहानसा मासा आला आणि रक्षण करण्याविषयीं त्यास विनवूं लागला. मनूनें त्यास प्रथम कुंभांत ठेवलें. कुंभ अपुरा पडतांच खणलेल्या खड्ड्यांत, आणि तोहि पुरेना तेव्हां समुद्रांत नेऊन सोडलें. शिकवितांना आमचें सारें लक्ष पुढील जलप्रलयाकडे असे. पाळणाऱ्यानें पाळलेल्याच्या वाढीबरोबर पात्रहि वाढविलें पाहिजे, हा त्या कथेंतील साधा व्यवहार मात्र आम्हांस साठीनंतर माशांनींच शिकविला.

पूर्ण वाढलेला ऑस्कर फूटभर लांब होतो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. तेव्हां टाकी माशाच्या आजच्या लांबीवरून नव्हे, तर त्याच्या पूर्ण वाढीवरून ठरवावी, हा पहिला नियम. घरांत विचारविनिमय होऊन आठ फूट लांब, अडीच फूट रुंद व अडीच फूट उंच अशी टाकी करण्याचें ठरलें.

मुलांची इच्छा ती माडीवर ठेवण्याची होती. आम्हीं कागदावर हिशेब मांडला. अठ्ठावीस इंचांपर्यंत भरल्यास पाणी सुमारें १३०० लिटर होतें. लिटरला एक किलो या मानानें नुसत्या पाण्याचें वजन १३०० किलो. कांच, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी धरतां बेरीज दोन टनांच्या घरांत जाते. राहत्या घरांत माणसें व सामानसुमान यांचा भार भारतीय मानकांत सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो धरलेला असतो. आमच्या टाकीचा भार त्याच मापानें हजार किलोंच्या वर जात होता! जुन्या लांकडी तुळयांच्या माडीची गोष्टच नको. सिमेंटच्या इमारतींतहि अभियंत्यास विचारल्यावांचून एवढी टाकी वरच्या मजल्यावर ठेवूं नये. आमची टाकी तळमजल्यावर, सोप्याच्या आंतल्या भिंतीस लागून बसली. तेथें थेट ऊन येत नाहीं. ऊन येऊं लागलें कीं कांचेवर शेवाळ माजतें आणि उन्हाळ्यांत पाणी तापतें.

एखाद्या ठिकाणचा पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो, हें शाळेंत सर्वच शिकतात. पण आमच्या टाकीच्या पुढच्या एकट्या कांचेस एकंदर सुमारें ६०० किलो वजनाइतका रेटा रात्रंदिवस सोसावा लागतो, हें गणित केल्यावर आम्हीं १९ मिलिमीटर जाडीची कांच घेण्याविषयीं घासाघीस केली नाहीं. स्टँड पाणसळ लावून समतळ करून घेतला, त्यावर फळी व थर्मोकोलचा पत्रा घातला, आणि सिलिकॉनचे सांधे पुरते वाळल्यावर टाकी भरून आठ दिवस नुसती पाहिली. हे आठ दिवस मुलांस फार जड गेले. परंतु मासे सोडल्यावर गळती सांपडण्यापेक्षां तें बरें.

आतां फिल्टरविषयीं. येथें आमची एक चूक सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. जुन्या टाकींतील फिल्टरचा स्पंज काळपट व बुळबुळीत झालेला आम्हांस पाहवेना. स्वच्छतेचे संस्कार जन्मभराचे. आम्हीं एके सकाळीं तो नळाच्या धारेखालीं खळखळून धुतला आणि उन्हांत वाळवून पुन्हां बसविला. तिसऱ्या दिवशीं दोन्हीं मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागले, आणि चवथ्या दिवशीं त्यांतील एक मरण पावला. नातू त्या दिवशीं जेवला नाहीं.

पुढें समजलें तें असें. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया तयार होतो; तो माशांस विष आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंहि विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करितात, आणि तें मासे पुष्कळ अंशीं सहन करूं शकतात. या जंतूंचें घर म्हणजेच तो बुळबुळीत स्पंज! नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें आणि उन्हानें आम्हीं तें घर उजाड केलें. आमच्या सोवळ्यानें एक जीव घेतला, असें म्हणणेंच प्रामाणिकपणाचें होईल. स्पंज धुवावयाचा तर टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळावा. नव्या टाकींत हे जंतु स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर घाई करूं नये. आमच्या टाकीखालीं फिल्टरची वेगळी टाकी असून तासाला पांच-सहा हजार लिटर पाणी खेळविणारा पंप तिला जोडला आहे.

पंप बंद पडला तर एवढ्या मोठ्या माशास प्राणवायु कमी पडूं लागतो. म्हणून वीज जाण्याचा विचार करून पंप इन्व्हर्टरवर घ्यावा, निदान बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र बसविणें अत्यावश्यक. तसेंच प्रत्येक तार प्लगच्या खालीं झोळासारखी लोंबूं द्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी प्लगपर्यंत पोहोंचत नाहीं. पुण्याच्या थंडीकरितां एका मोठ्या हीटरऐवजीं दोन लहान घ्यावे. एक बिघडला तरी पाणी एकदम गार पडत नाहीं किंवा अति तापत नाहीं.

आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें लागतें, म्हणजे सुमारें ३२५ लिटर, वीस-बावीस बादल्या. नव्या पाण्यांतील क्लोरीन नाहींसें करण्याचें औषध दुकानांत मिळतें. तें विसरूं नये. काढलेलें पाणी मोरींत न सोडतां तुळस, पारिजातक व केळी यांस घालावें. त्यांतील नायट्रेट झाडांस खतच होय. परंतु ज्यांच्या घरीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, त्यांनीं एवढी टाकी करूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मासा मोठा झाला, नकोसा झाला, म्हणून नदींत वा तलावांत सोडण्याची चाल पडूं पाहत आहे. तींत भूतदया नाहीं. २०२३ सालीं श्रीनगरच्या दल सरोवरांत मगरीसारख्या जबड्याचा, उत्तर अमेरिकेंतला ॲलिगेटर गार मासा सांपडला. असे परके मासे आमच्या पाण्यांतील मूळच्या माशांच्या मुळावर येतात. मनूनें मासा समुद्रांत सोडला तो त्याचाच समुद्र होता. मुळा-मुठा कांहीं ॲमेझॉन नव्हे.

टाकी भरली त्या संध्याकाळीं सारें घर दिवे मालवून तिच्यासमोर बसलें होतें. आमच्या सौभाग्यवतींनीं तेवढ्यांत विचारलें, "गाय हंबरते, मांजर पायांत घोटाळतं, माशानं कोणाला हाक मारायची? आणि हा पोरगा शिकायला बाहेर गेल्यावर?" कोणासच उत्तर सुचेना. नातू यंदा दहावींत आहे; माशाचें आयुष्य त्याच्या शाळेहून मोठें आहे.

दुसऱ्या दिवशीं नातवानें एक वही केली. रविवारचें पाणी धाकट्या चिरंजीवांकडे, दाणापाणी सुनबाईंकडे, आणि फिल्टरकडे रोज एकदां नुसतें पाहण्याचें काम आमच्याकडे आलें. आमच्या नांवापुढें त्यानें कंसांत 'धुवावयाचा नाहीं' असेंहि लिहून ठेवलें आहे. आम्हीं त्याखालीं निमूटपणें सही केली. ज्यांस एवढी टाकी करावयाची असेल, त्यांनीं कांचवाल्यास बोलावण्यापूर्वीं अशी वही करावी, आणि तिच्यावर घरांतील सर्वांच्या सह्या होतात कीं नाहीं, तें आधीं पाहावें.