ताटात काय वाढले आहे, हे कोण सांगणार?

पानिपतजवळील काला अंब हे स्थळ मराठी माणसाच्या मनात 14 जानेवारी 1761 या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या संग्रामापूर्वी मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली आणि सैन्यावर उपाशीपोटी लढण्याची वेळ आली. अन्न मिळेल का, हा त्या वेळचा प्रश्न होता. आज त्याच हरियाणाच्या भूमीत अन्नाविषयी निराळाच प्रश्न उभा राहिला आहे : जे मिळते आहे, ते नेमके काय आहे?

2019 साली हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतकऱ्याचे वांग्याचे उभे पीक उपटून नष्ट करण्यात आले. रोपे बाजारातून विकत आणलेली होती. सरकारी तपासणीत ती ‘बीटी’ वाणाची निघाली आणि या वाणाच्या लागवडीस भारतात परवानगी नाही. ती वांगी भाजीबाजारात आली असती, तर पाटीतल्या इतर वांग्यांपासून नजरेने वेगळी ओळखता आली नसती.

वांग्याची कुळकथा

या वांग्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. जालन्याच्या ‘महिको’ कंपनीने शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीपासून बचाव करणारे बीटी वांगे विकसित केले. मातीतील एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असते आणि त्यामुळे अळीला घातक ठरणारे प्रथिन वनस्पतीतच तयार होते. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्रीय समितीने त्यास हिरवा कंदील दाखविला. त्यानंतर पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी या वाणाला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र 2013 मध्ये त्यास मान्यता दिली.

सुरक्षित की असुरक्षित?

बीटी प्रथिन अळीच्या आम्लारी पचनमार्गात क्रियाशील होते. मानवी जठर आम्लधर्मी असते आणि हे प्रथिन ज्याला चिकटते तसे ग्राहक-रेणू आपल्या आतड्यात नसतात. समर्थकांचा मुख्य युक्तिवाद हाच आहे. चाचण्या पुरेशा दीर्घकाळ व कंपनीहून स्वतंत्र असाव्यात, असा टीकाकारांचा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आंतरराष्ट्रीय बाजारातील तपासणी झालेल्या जनुकीय परिवर्तित अन्नापासून धोका संभवत नाही. तथापि प्रत्येक पदार्थाची तपासणी स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

अशा तपासणीचे मोल एका उदाहरणावरून कळते. ब्राझील नट या कवचफळातील जनुक सोयाबीनमध्ये घातले असता त्या फळाची ॲलर्जीही सोयाबीनमध्ये उतरते, असे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. तंत्र सरसकट वाईट किंवा सरसकट निर्दोष ठरत नाही, हा यातून घ्यावयाचा बोध.

सरकीचे तेल आणि लेबल

आपण जनुकीय परिवर्तित अन्न खात नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती किंचित वेगळी आहे. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता विदर्भ, मराठवाडा, खानदेशातील शिवारे त्याने व्यापली. त्याच कापसाच्या सरकीचे तेल स्वयंपाकात व फरसाणात वापरले जाते आणि तिची पेंड गुरांना घातली जाते. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन वा जनुकांचा अंश जवळजवळ उरत नाही. मग त्यावर लेबल हवे काय? युरोपीय संघाचे उत्तर ‘होय’ असे आहे. अंश सापडो वा न सापडो, पदार्थ कोणत्या पिकापासून झाला हे तेथे सांगावे लागते.

आपल्याकडे 1 जानेवारी 2013 पासून पाकिटाच्या दर्शनी भागावर ‘जीएम’ ही अक्षरे छापण्याचा नियम लागू झाला. 2021 पासून मका, पपई, बटाटा आदी 24 पिकांच्या आयातीसाठी ‘जनुकीय परिवर्तित नाही’ असे प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. त्यात चुकून होणारी भेसळ 1 टक्क्यापर्यंत चालते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने लेबलसंबंधी मसुदाही प्रसिद्ध केला. परंतु पाकिटावरचा नियम पाटीतल्या सुट्या भाजीला कसा लागू पडणार?

शेतकरी आणि ग्राहक

जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या तणनाशकरोधी कापसाची जाहीर पेरणी केली. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही त्यांची मागणी होती. तिच्याशी कोणी सहमत असो वा नसो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. निवडीचे स्वातंत्र्य जसे पेरणाऱ्याला हवे, तसेच ते खाणाऱ्यालाही हवे. आणि माहितीवाचून निवड होऊच शकत नाही. चोरट्या मार्गाने आलेल्या बियाण्यात दोघांचाही तोटा आहे. शेतकऱ्याला पीक फसल्यास दाद मागता येत नाही आणि ग्राहकाला आपण काय खाल्ले ते कळत नाही.

पदार्थ सुरक्षित आहे की नाही, हे शास्त्रज्ञांनी ठरवावे. तो कशापासून बनला आहे, हे मात्र विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे. सुरक्षित ठरलेल्या पदार्थालाही आपले नाव लपविण्याचे कारण नाही. पुढील वेळी तेलाची पिशवी हाती घेताना किंमत व मुदत यांच्याबरोबर घटकांची बारीक अक्षरेही वाचावीत. वाचणारे ग्राहक वाढले, तरच ती अक्षरे मोठी होतील.