विश्लेषण : बॉयलरची नळी वयाआधीच का झिजते?

‘बॉयलर ट्यूब लीकेजमुळे संच बंद’ ही बातमी औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांना नवी नाही. गळणारी नळी कापून नवी जोडली, की संच पुन्हा सुरू होतो. पण काही महिन्यांनी तीच जागा पुन्हा गळू लागली तर? यंत्राचा एखादा भाग वयाआधी झिजतो, तेव्हा तो बदलण्याआधी त्यावरच्या खुणा वाचाव्या लागतात. त्या कशा वाचतात?

एकलहरे येथील संच किती जुने?

महानिर्मितीच्या एकलहरे केंद्रातील पहिले दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत. सध्याची ६३० मेगावॅट क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅटच्या तीन संचांची आहे. हे संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्यामुळे नळी फुटली की ‘संच जुनाच आहे’ हे उत्तर चटकन तोंडी येते. पण बॉयलरमधल्या नळ्या वेळोवेळी बदलल्या जातात. संचाचे वय आणि नळीचे वय एकच नसते. एकाच दिवशी बसवलेल्या शेजारच्या दोन नळ्यांपैकी एकच झिजली, तर वयाचा मुद्दा तिथेच निकाली निघतो.

राख पोलाद कशी झिजवते?

कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि गरम हवेबरोबर भट्टीत फुंकतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. त्यातील बहुतेक राख धुरासोबत उडते आणि पाणी-वाफेच्या नळ्यांच्या जुडग्यांमधून जाते. या राखेत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. ते नळीच्या पोलादाला सतत घासत राहतात.

यात वेग सर्वात घातक. झीज ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. धुराचा वेग सव्वापट झाला, तर झीज जवळपास दुप्पट होते. एका कोपऱ्यात राख साचून वाट बुजली, की धूर उरलेल्या फटीतून जोरात जातो. तिथली नळी मग इतरांच्या आधी पातळ होते.

खुणा काय सांगतात?

बाहेरून गुळगुळीत, चकचकीत आणि एका अंगाने सपाट झालेली नळी उडत्या राखेकडे बोट दाखवते. झीज नळीच्या अगदी समोर नव्हे, तर थोडी बाजूला जास्त दिसते, कारण तिरका लागणारा कण धातू अधिक खरवडतो.

झीज फक्त काजळी उडवणाऱ्या सूटब्लोअरच्या आसपास असेल, तर त्याच्या वाफेत पाणी येत होते का, हे पाहतात. बाहेरून नळी धड, पण आतून खड्डे पडलेले असतील, तर संशय पाण्यावर. त्यात विरघळलेला ऑक्सिजन पोलाद खातो. नळी माशाच्या तोंडासारखी उघडली आणि कडा पातळ असल्या, तर आतला प्रवाह अडून ती अचानक तापलेली असते. कडा जाड राहिल्या, तर ती वर्षानुवर्षे प्रमाणापेक्षा जास्त तापत आलेली असते.

आधी कोणती नळी फुटली?

ही खरी मेख. गळतीतून सुटलेली वाफेची धार शेजारच्या नळ्याही कापते. बॉयलर थंड करून माणसे आत शिरतात, तेव्हा चार-पाच नळ्या फुटलेल्या दिसू शकतात. सर्वात मोठे भोक असलेली नळीच पहिली, असे नसते. कोणती धार कुठून आली, याचा माग काढत मूळ भोकापर्यंत जावे लागते. मूळ नळी ओळखण्यात चूक झाली, तर पुढचा सगळा तपास चुकीच्या दिशेने जातो.

इंधन बदलले तर?

इथे बंदुकीच्या नळीची एक गोष्ट उपयोगी पडते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या नव्या एम-१६ रायफली अडकू लागल्या. साफसफाई नीट होत नाही, असा दोष सैनिकांवरही आला. प्रत्यक्षात काडतुसातील दारू बदलली होती. नव्या दारूने गोळ्या झाडण्याचा वेग वाढला, आतल्या सुट्या भागांवर जास्त आघात होऊ लागले आणि मळही वाढला. शिवाय साफसफाईची साधने सैनिकांना पुरेशी मिळालीच नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या बदलावर बोट ठेवले. पुढे धक्का झेलणारा बफर बदलला आणि काडतूस बसते त्या भागाला क्रोमचा मुलामा दिला गेला.

बॉयलरचेही तसेच. तो विशिष्ट दर्जाचा कोळसा गृहीत धरून आखलेला असतो. कमी उष्मांकाचा कोळसा आला, तर तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. राख वाढते आणि धूर वाढल्याने त्याचा वेगही वाढतो. नळीला दुहेरी मार बसतो.

मग उपाय काय?

प्रत्येक बंद काळात अल्ट्रासॉनिक यंत्राने ठरलेल्या जागी जाडी मोजणे आणि तिची नोंद ठेवणे. समजा, ४.५ मिलिमीटरची नळी दोन वर्षांत ३.९ वर आली. म्हणजे वर्षाला ०.३ मिलिमीटर झीज. शेजारची नळी वर्षाला ०.१ मिलिमीटरच झिजत असेल, तर त्या दोन जागांत फरक काय, हा प्रश्न विचारायचा. उत्तर साचलेली राख असू शकते, वाकलेली जुडगी किंवा सुटलेले आच्छादन. नळीवर पोलादी कवच चढवता येते. पण ते चुकीच्या जागी बसले, तर धुराचा झोत शेजारच्या नळीवर वळतो.

एक नळी गळली की २१० मेगावॅटचा संच थांबतो. बॉयलर थंड करणे, आत वेल्डिंग आणि पाण्याच्या दाबाची चाचणी यात काही दिवस जातात. प्रत्येक बंद-चालू फेऱ्यात तापण्या-थंडावण्याचा ताण उरलेल्या नळ्यांवर पडतो. म्हणून कापून काढलेला तुकडा भंगारात जाण्याआधी तपासला गेला पाहिजे. झिजलेला भाग क्वचितच गुन्हेगार असतो. बहुतेक वेळा तो साक्षीदार असतो.