जामठ्याची नेमणूक

21 डिसेंबर 2017 रोजी सकाळी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत जायला 87 धावा हव्या होत्या आणि हातात तीन गडी होते. ते तीन गडी संपले तेव्हा कर्नाटक पाच धावांनी मागे होते. विदर्भ 185 आणि 313, कर्नाटक 301 आणि 192. रजनीश गुरबानी नावाच्या, सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्या नागपूरच्या मुलाने दुसऱ्या डावात 68 धावांत सात आणि सामन्यात बारा बळी घेतले होते. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याकडे त्या वेळी धान कापून झालेले असते. मोकळ्या बांध्यांमध्ये टेनिस बॉलचे सामने रंगात आलेले असतात, आणि त्या सामन्यांतल्या पोरांच्या तोंडी मुंबईची, दिल्लीची, फार तर आयपीएलची नावे असत. विदर्भाचे नाव कोणी घेत नसे. घ्यावे तरी कशासाठी? 1957-58 पासून विदर्भ रणजी खेळत होता आणि तोवर अंतिम फेरीचे तोंडही त्याने पाहिले नव्हते.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांत विदर्भाने इंदूरला दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून करंडक घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा घेतला. 2025 मध्ये तिसऱ्यांदा घेतला. या यशावर लिहिताना बहुतेकांनी मैदानावरच्या माणसांबद्दल लिहिले, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या मागे असलेल्या खुर्चीबद्दल लिहायचे आहे. हरणाऱ्या संघाला सांभाळायला माणूस कोण निवडतो, कोणत्या बळावर निवडतो, आणि तो माणूस निघून गेल्यावर काय उरते?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या प्रश्नाला सरळ उत्तर असते. तिथे प्रत्येक क्लबला फ्रंट ऑफिस असते. त्याच्या प्रमुखाला अनेक ठिकाणी जनरल मॅनेजर म्हणतात, आणि खेळाडू घेणे, सोडणे, प्रशिक्षक नेमणे, मुलांवर पैसा लावणे हे सारे त्याच्या हातात असते. संघ सतत हरू लागला की मालक त्या खुर्चीवरचा माणूस बदलतो. बोस्टनच्या रेड सॉक्सने 2002 मध्ये थिओ एपस्टीन या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला तिथे बसवले आणि 2004 मध्ये 1918 नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. 2011 मध्ये शिकागो कब्जने त्याच एपस्टीनला बोलावले. कब्जचा शेवटचा विजय 1908 चा होता. त्याने आल्या आल्या मोठी नावे गोळा केली नाहीत. संघ मोडून तरुण मुलांवर भर दिला. 2012 मध्ये कब्ज 101 सामने हरले. तरी मालकाने त्याला काढले नाही, आणि 2016 मध्ये करंडक आला. ते 101 पराभव सोसायची मालकाची तयारी होती, हा त्या नेमणुकीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते.

आपल्याकडे राज्य क्रिकेट संघटनेला मालक नसतो. निवडून आलेले पदाधिकारी असतात, समित्या असतात, निवडणुका असतात. म्हणून संघ हरला की दोष कोणाचा हे ठरत नाही आणि जिंकला की श्रेय कोणाचे यावर भांडण होते. बदलायला सर्वांत सोपा माणूस म्हणजे प्रशिक्षक. मुंबईने तेच केले. चंद्रकांत पंडित यांनी प्रशिक्षक म्हणून मुंबईला 2002-03, 2003-04 आणि 2015-16 अशी तीन विजेतेपदे दिली होती. जानेवारी 2017 मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि त्यानंतर पंडित मुंबईकडे राहिले नाहीत. त्याच वर्षी विदर्भाने त्यांना बोलावले, आणि वर्षभराच्या आत त्याच इंदूरच्या मैदानावर ते विदर्भाचा करंडक बघत उभे होते.

इंदूर आणि नागपूर यांचे हे नाते जुने आहे. देशाचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 मध्ये नागपुरात जन्मले. तुकोजीराव होळकरांनी त्यांना 1923 मध्ये इंदूरला नेले. संस्थानिकाने एक माणूस हेरला, त्याला मान आणि नोकरी दिली आणि संघ उभारायला मोकळीक दिली. भारतीय क्रिकेटमधली इतकी फळलेली दुसरी नेमणूक मला सांगता येत नाही. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असे चार रणजी करंडक जिंकले. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद 249 धावा करूनही हरला. पाहुण्या खेळाडूची प्रथा आपल्याकडे अशी जुनी आहे. पण संस्थान गेले आणि काही वर्षांत होळकर संघही गेला. आश्रय एका दरबाराचा होता, म्हणून दरबाराबरोबर संपला. नागपूरने मात्र आपला सर्वांत मोठा क्रिकेटपटू दुसऱ्याला दिला आणि नंतर मध्य विभागाच्या तळाशी दशके काढली. प्रीतम गंधेंसारखा फिरकी गोलंदाज वर्षानुवर्षे बळी घेत राहिला, पण संघ कुठे पोचला नाही. 2002-03 मध्ये रणजीचे एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले तेव्हा विदर्भ प्लेटमध्ये होता.

विदर्भाची कथा पंडितांपासून सुरू होते असे मानले की अर्धी गोष्ट सुटते. 2008 मध्ये नागपूरजवळ वर्धा रोडवर जामठ्याचे स्टेडियम झाले. सौरव गांगुलीचा शेवटचा कसोटी सामना तिथेच झाला. स्टेडियमच्या काँक्रीटपेक्षा महत्त्वाचे काम त्याच सुमारास कमी गाजावाजात सुरू झाले होते. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने निवासी अकादमी काढली. शशांक मनोहर तेव्हा भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते, आणि नागपूरच्या संघटनेवर त्यांचा शब्द चालत असे. क्रिकेट विकासाच्या कामात प्रशांत वैद्य होते. भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळलेले हे नागपूरचे वेगवान गोलंदाज. आपल्या राज्याच्या मुलांना कोणत्या वयात काय मिळत नाही हे त्यांनी स्वतः भोगलेले होते. टीव्हीच्या हक्कांचा पैसा तेव्हा सर्वच राज्य संघटनांकडे येत होता. तो मुलांच्या राहण्या-खाण्यावर आणि रोजच्या सरावावर वर्षानुवर्षे लावणे हा निर्णय मात्र सर्वांनी घेतला नाही. अकादमीत घातलेला रुपया रणजीच्या धावफलकावर दिसायला सात-आठ वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात पदाधिकाऱ्यांच्या दोन निवडणुका होऊन जातात.

दुसरा टप्पा पाहुण्यांचा. क्रिकेट मंडळाच्या नियमाने राज्याला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. विदर्भाने 2014-15 मध्ये तामिळनाडूचा बद्रिनाथ आणि कर्नाटकाचा गणेश सतीश यांना घेतले. पुढच्या वर्षी वसीम जाफर आला. लागोपाठ दोन हंगाम विदर्भ उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि तिथेच अडला. जाफर 2016-17 चा हंगाम दुखापतीमुळे खेळू शकला नाही, तरी संघटनेने कराराचे पैसे त्याला दिले. म्हणून पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. मला या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात कार्यालयाची नियत दिसते. दुखापत झालेल्या, चाळिशीला टेकलेल्या फलंदाजाला कराराप्रमाणे पैसे देणारी संघटना आणि त्याची जाण ठेवणारा खेळाडू, या दोघांमध्ये जे घडते ते कराराच्या कागदावर लिहिता येत नाही. त्या हंगामाच्या शेवटी, मार्च 2018 मध्ये, चाळीस वर्षांच्या जाफरने इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध 286 धावा केल्या आणि विदर्भाने 7 बाद 800 वर डाव सोडला.

पंडित आले ते या तयार जमिनीवर. कडक शिस्तीबद्दल त्यांचे नाव आधीपासून होते. त्यांच्या हाताशी कर्णधार फैज फझल होता. नागपूरचाच, भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळलेला आणि त्यात नाबाद 55 धावा केलेला. त्याने त्या हंगामात 912 धावा केल्या. गोलंदाजीसाठी सुब्रतो बॅनर्जी होते. उमेश यादवला घडवण्यातही त्यांचा वाटा आहे. खापरखेड्याजवळच्या वलनीतला, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश 2011 मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला होता. दिल्लीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी कामगिरी फक्त तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी 1972-73 मध्ये केली होती. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिले शतक याच सामन्यात ठोकले आणि ते 133 पर्यंत नेले. दिल्लीकडून एका बाजूने उभा राहिला तो ध्रुव शौरी, 145 धावा करून. हे नाव लक्षात ठेवावे.

फेब्रुवारी 2019 मध्ये जामठ्यावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. जाफरच्या त्या हंगामात हजारावर धावा झाल्या. मागोमाग इराणी करंडकही आला, आणि त्याच्या बक्षिसाची रक्कम संघाने पुलवाम्यातल्या शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली.

मग पंडित मध्य प्रदेशकडे गेले. ज्या राज्याचे कर्णधार म्हणून 1998-99 चा अंतिम सामना ते हरले होते, त्या राज्याला त्यांनी 2022 मध्ये मुंबईला हरवून पहिला करंडक मिळवून दिला. त्यामुळे पंडित म्हणजे जादूची कांडी, ही समजूत देशभर पक्की झाली. विदर्भाकडे पाहिले तर ती खरीही वाटावी. 2019-20 मध्ये विदर्भ बाद फेरीत नाही. त्यानंतरचा हंगाम करोनात बुडाला. 2021-22 मध्ये नाही, 2022-23 मध्येही नाही. जानेवारी 2023 मध्ये जामठ्यावर गुजरातला जिंकायला फक्त 73 धावा हव्या असताना सरवटेने सहा बळी घेऊन त्यांना 54 वर गुंडाळले. इतक्या कमी धावांचे लक्ष्य रणजीत कोणी राखले नव्हते. पण तेवढ्याने हंगाम वाचला नाही.

इथे राजस्थानची आठवण होते. त्यांनी 2010-11 मध्ये प्लेट गटातून येऊन थेट करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी राखला. कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर, सोबत दिल्लीचा आकाश चोप्रा. नेमणूक अचूक होती. मात्र संघटनेत भांडणे वाढत गेली, 2014 मध्ये क्रिकेट मंडळाने तिला निलंबित केले, आणि करंडक पुन्हा त्या राज्यात गेला नाही. पाहुण्यांनी केलेले काम पुढे नेणारे कार्यालयच जागेवर उरले नाही.

विदर्भात मात्र कार्यालय टिकले, अकादमी चालू राहिली. प्रशिक्षकाच्या जागी पुढे उस्मान घनी आले, स्वतः विदर्भाकडून खेळलेले घरचे गृहस्थ. मार्च 2024 मध्ये जामठ्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशला 62 धावांनी हरवले. समोर प्रशिक्षक होते पंडित. अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईने 538 चे लक्ष्य दिले, विदर्भाने 368 पर्यंत झुंज दिली, कर्णधार वाडकरने शतक केले. त्याच हंगामात फैज फझलने निवृत्ती घेतली होती. पुढच्या वर्षी केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक परत आला. नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार 153, कर्नाटकातून आलेला करुण नायर 86 आणि 135. डावखुऱ्या हर्ष दुबेने हंगामात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला, आणि हंगामातल्या सर्वाधिक धावा विदर्भाच्याच यश राठोडच्या, 960.

त्या सामन्याची यादी वाचताना दोन नावांवर थांबावे. विदर्भाच्या संघात ध्रुव शौरी होता, सात वर्षांपूर्वी दिल्लीकडून विदर्भाला अडवणारा. आणि केरळकडून 79 धावा करून विदर्भाला अडवत होता आदित्य सरवटे. 2019 चा नायक आता स्वतः दुसऱ्या राज्याचा व्यावसायिक होऊन आला होता. ज्या संघटनेला एकेकाळी फक्त बाहेरून माणसे आणावी लागत, तिच्याकडून आता इतर राज्येही माणसे नेतात. विदर्भाच्या कार्यालयाचे याहून मोठे प्रमाणपत्र मी मागणार नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये इराणी करंडकही 93 धावांनी आला, अथर्व तायडेच्या 143 धावांवर.

हा तायडे अकोल्याचा. जितेश शर्मा अमरावतीचा, दर्शन नळकांडे वर्ध्याचा, दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा अक्षय कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातला. नागपूरबाहेरची दारे उघडली आहेत ती जास्त करून पश्चिमेकडे. विदर्भाचे अकरा जिल्हे आहेत आणि गोंदिया त्यातला पूर्वेच्या टोकाचा. तिरोडा हावडा-मुंबई मार्गावरचे स्टेशन, वीज प्रकल्पाच्या चिमण्या लांबून दिसतात, भातगिरण्या वर्षभर चालतात. इथल्या मुलाला लेदर बॉलवर रोज सराव करायचा तर नागपूर हे शंभर किलोमीटरहून दूरचे शहर आहे. चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ठेवणे म्हणजे बापाला दोन एकर धानाचा हिशेब करावा लागतो.

म्हणून असोसिएशनच्या पुढच्या नेमणुकीकडे मी या बाजूने पाहतो. रणजी संघाला कोण प्रशिक्षक मिळतो हे देश पाहील, त्यावर बातम्या येतील. माझी मागणी वेगळ्या पदासाठी आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात पूर्ण वेळ राहणारा, पगारी, अधिकार असलेला एक माणूस हवा. दिवाळीनंतरच्या टेनिस बॉलच्या सामन्यांना तो स्वतः जाऊन बसेल, एखाद्या पोराच्या हातात लेदर बॉल देईल, त्याच्या बापाशी बोलेल आणि नागपूरच्या वसतिगृहात त्याची सोय लावून देईल. या माणसाला निदान आठ वर्षे द्यावीत, आणि पहिल्या तीन वर्षांत एकही खेळाडू सापडला नाही म्हणून त्याला परत बोलावू नये. निवासी अकादमीलाही पहिला करंडक द्यायला आठ-नऊ वर्षांचा काळ लागला होता, आणि तो तिला मिळाला.