केबल दिसायला सारखीच, मग एवढा फरक कशाचा?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, बोलणं थोडं आवरून लिहिलंय.

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा: "मोबाइल टाइप-सी, लॅपटॉप टाइप-सी, केबलपण टाइप-सी. मग लग्नाचा ५० जीबी व्हिडिओ कॉपी व्हायला पाव तास का लागतो?"

कारण टाइप-सी हे फक्त टोकाच्या आकाराचं नाव आहे. आत किती तारा आहेत ते त्यातून कळत नाही. चार्जिंगच्या साध्या केबलमध्ये डेटासाठी तारांची एकच जोडी असते. तिच्यावर यूएसबी २.० चालतं, सेकंदाला ४८० मेगाबिट. ५० जीबीला कागदावरच १४ मिनिटं झाली. १० गिगाबिटची केबल हेच काम कागदावर ४० सेकंदांत करते. गंमत बघा, आयफोन १५ प्रोला १० गिगाबिट जमतं, पण डब्यातली केबल यूएसबी २ चीच!

मग जास्त तारा घातल्या की झालं? नाही ना. तारेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. ४८० मेगाबिटला एक बिट तारेत सुमारे ४० सेंटिमीटर जागा घेतो. १० गिगाबिटला फक्त २ सेंटिमीटर. म्हणजे मीटरभर केबलमध्ये एका वेळी ५० बिट एकामागे एक पळतायत.

आता विहिरीत वाकून हाक मारा. सावकाश बोललात तर प्रतिध्वनीचा त्रास नाही. भराभर बोललात तर आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन पडतो. तारेचंही तसंच आहे. जोडीतल्या दोन तारांमधलं अंतर कुठे बदललं, सोल्डरिंगपाशी पीळ जास्त उलगडला, की तिथला इम्पीडन्स बदलतो आणि सिग्नलचा काही भाग मागे फिरतो. यूएसबी २.० च्या जोडीसाठी हा इम्पीडन्स ९० ओम ठरलेला आहे. हळू डेटाला थोडी गडबड चालून जाते, वेगवान डेटाला नाही. चुका वाढल्या की डेटा परत पाठवावा लागतो, नाहीतर जोडणी सरळ यूएसबी २.० वर उतरते. वर लांबी वाढली की सिग्नल क्षीण होतो तो वेगळाच. म्हणून ४० गिगाबिटच्या साध्या केबल जेमतेम ८० सेंटिमीटरच्या असतात. त्याहून लांब हवी तर आत सिग्नल सावरणारी चिप लागते, आणि किंमत चढते.

पॉवरचं गणित सोपं आहे. समजा, जाऊन-येऊन तारेचा रोध ०.२ ओम आहे. ३ अँपिअर सोडले की ०.६ व्होल्ट वाटेतच गेले आणि १.८ वॅटने केबल तापली. चार्जर ५ व्होल्ट देतोय, फोनला मिळाले ४.४. तेच २० व्होल्टवर ०.६ गेले तर फारसं बिघडत नाही. म्हणून फास्ट चार्जर आधी व्होल्टेज वाढवतात. ३ अँपिअरच्या वर जायचं असेल तर केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते. ही केबल किती करंट झेपवेल, हे ती चार्जरला सांगते. चिप सापडली नाही तर चार्जर ३ अँपिअरवर थांबतो.

चुकीच्या केबलने काय होऊ शकतं? गूगलमधला इंजिनिअर बेन्सन लेउंग ऑनलाइन मिळणाऱ्या टाइप-सी केबल विकत घेऊन तपासायचा. २०१६ मध्ये एका केबलने त्याचा क्रोमबुक पिक्सेल बंद पाडला. त्या केबलमध्ये पॉवर आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडल्या होत्या! वेगवान डेटाच्या तारा तर नव्हत्याच, आणि ५६ किलोओमच्या जागी १० किलोओमचा रेझिस्टर बसवला होता. हा छोटा रेझिस्टर महत्त्वाचा आहे. तो १० किलोओमचा असला की फोनला वाटतं, समोरून ३ अँपिअर मिळतायत. समोर लॅपटॉपचा जुना पोर्ट असेल तर फोन त्याच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त ओढायला बघतो. हे माझ्या मते सगळ्यात धोकादायक, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, दुकानात "टाइप-सी द्या" एवढंच म्हणू नकोस. प्रमाणित सी-टू-सी केबलवर ६० वॅट किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं, वेगवान असेल तर गिगाबिटचा आकडाही असतो. तुला १० गिगाबिट हवंय, आणि केबल मीटरभराचीच घे.