व्यंगचित्रकाराची रोजची वही



"आमच्या मुलाला चित्रकलेचा हात नाहीं," हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतून किती सहजपणें उच्चारलें जातें! मुलगा समोरच उभा असतो. त्यानें काढलेला माणूस मात्र नीट उभा राहिलेला नसतो. आणि वडील मंडळी निकाल देऊन मोकळी होतात. मौज अशी कीं, त्याच घराच्या उंबरठ्यापुढें गृहिणीनें पहांटे घातलेली रांगोळी असते. ठिपक्याला ठिपका जुळलेला, चिमटींतून सुटलेली रेघ आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी. तिला हा हात कोणीं दिला? माहेरीं आईशेजारीं बसून तिनें ती रेघ शेंकडों वेळां बिघडविली, एवढेंच.

व्यंगचित्रें आणि चित्रकथा यांच्या नित्य अभ्यासाविषयीं आज बोलावयाचें आहे. वर्ध्याच्या माणसानें हा विषय घ्यावा, यांत वावगें कांहीं नाहीं. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशीं येथेंच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि पुढें डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें वर्धा योजनेचा अभ्यासक्रम आंखला. साडेपांच तासांच्या शाळेंत ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगास. संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांस मिळून ४० मिनिटें. त्यांतून चित्रकलेच्या वांट्यास काय आलें असेल, याचा हिशेब गणिताच्या शिक्षकांनींच करावा! परंतु महात्माजींनीं आत्मकथेंत आपल्या वाईट अक्षराबद्दल खेद व्यक्त करून असें सुचविलें आहे कीं, मुलानें आधीं वस्तु पाहून चित्र काढावयास शिकावें आणि मग अक्षराकडे वळावें. शिवाय टकळी ज्यानें फिरविली आहे त्याला अभ्यास म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. पहिल्यानें धागा घडोघडीं तुटतो, कोठें जाड तर कोठें बारीक निघतो. ताण किती द्यावा हें बोटांना कळूं लागतें तें रोजच्या कताईनें. टांकाच्या रेघेचें अगदीं तसेंच आहे.

चित्रकथेंत तर अडचण दुहेरी. व्यक्तिचित्र रंगविणाऱ्यास एक चेहरा एकदां साधला कीं पुरे. चित्रकथाकारास तोच चेहरा एका चौकटींत समोरून, दुसरींत बाजूनें, तिसरींत घाबरलेला आणि चवथींत पाठमोरा काढावा लागतो. आणि वाचकानें प्रत्येक वेळीं 'हा तोच' असें क्षणांत ओळखलें पाहिजे. नाक किती लांब, कान किती खालीं, हें प्रमाण डोक्यांतून हातांत उतरावें लागतें. पुन्हां पुन्हां काढतांना निरुपयोगी रेषाहि गळून जातात. गांधीजींचेंच पाहा: चष्मा, तुळतुळीत डोकें, मोठे कान, काठी. एवढ्या खुणांत ते ओळखूं येतात. पण या चारच ठेवाव्या आणि बाकीच्या टाकाव्या, हें ठरविण्यास चाळीस कागद खर्ची पडतात.

गोव्यांतील लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) लहानपणीं घराच्या भिंतींवर चित्रें काढीत. शेवटीं आईनें हातांत कोरी वही दिली. पुढें त्यांनीं रोजनिशी ठेविली तीहि चित्रांची. १९४९, १९५० व १९५१ या सालांच्या त्यांच्या रोजनिशा पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या आहेत. चित्रकलेचें रीतसर शिक्षण त्यांना नव्हतें. पण माणसांच्या गर्दीनें भरलेलें त्यांचें एखादें चित्र पाहिलें म्हणजे त्यांची शाळा कोठें भरत होती हें कळतें. आर. के. लक्ष्मण यांना तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनें प्रवेशच नाकारला. खिडकींतून दिसणाऱ्या काटक्या, पानें, लांकूड फोडणारे नोकर आणि विशेषतः कावळे ते बाळपणापासून काढीत आले होते. तें त्यांनीं थांबविलें नाहीं. १९५१ पासून पुढें पांच दशकें त्यांचा चौकड्यांच्या कोटांतील सामान्य माणूस 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्यें उभा राहिला, तोंडांतून एक शब्दहि न काढतां.

मात्र नुसतें गिरविणें म्हणजे अभ्यास नव्हे. जें येतें तेंच रोज काढणारा मनुष्य आपल्या चुका पक्क्या करतो. नवशिक्याचीं पात्रें पाहा: सर्वांचे हात पाठीमागें, नाहीं तर खिशांत! बोटें काढतां येत नाहींत, म्हणून हात लपवावयाचे. अशानें वर्षभर चित्रें काढलीं तरी वर्षाअखेरीस त्याच्या पात्रांचे खिसेच तेवढे चांगले निघतील.

हें मी अधिकारानें सांगतों, कारण मीहि हात लपविणाऱ्यांतलाच. बारा वर्षांचा असतांना एका ड्रॉइंग मास्तरांनीं माझी वही वर्गापुढें उंच धरली आणि हा मुलगा चित्रकलेसाठीं जन्मलेला नाहीं, असें सांगितलें. त्यानंतर तेवीस वर्षें मीं चित्रासाठीं पेन्सिल धरली नाहीं. मास्तर चुकले होते कीं बरोबर होते, हें ताडून पाहण्याचा मार्गहि त्या वर्षांबरोबर गेला.

आतां रोज रात्रीं अर्धा तास आणि वहीचें एक पान. पानावर तारीख घालावयाची आणि तें फाडावयाचें नाहीं, एवढे दोन नियम. माणूस आधीं समोर पाहून काढावयाचा, मग घरीं येऊन आठवणीनें, आणि दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून कोठें चुकलें तें शोधावयाचें. कापसाच्या हंगामांत हिंगणघाटच्या बाजारांत बसलें म्हणजे माणसांस तोटा नाहीं. पहिले दोन महिने मला फरक म्हणून दिसला नाहीं. चवथ्या महिन्यांत मागील पानें चाळलीं, तेव्हां कळलें कीं माझ्या माणसांचे पाय आतां जमिनीला लागले आहेत. तोंवर ते हवेंत तरंगत होते, आणि मला तें दिसतहि नव्हतें. म्हणजे हाताच्या आधीं डोळा सुधारला होता. म्हणून आईबापांस एवढीच विनंती कीं, मुलाचें चित्र शेजारच्या मुलाच्या चित्राजवळ ठेवूं नका. त्याच्याच तीन महिन्यांपूर्वींच्या चित्राजवळ ठेवा.

माझ्या कालच्या पानावर गांसडी उचलणारा एक हमाल आहे. त्याचे दोन्ही हात पुढें आहेत, खिशांत नाहींत. उजव्या हाताला मात्र सहा बोटें झालीं आहेत. आज रात्रीं तोच पुन्हां काढावयाचा आहे.